कोयनेचं पाणी कोणत्या तासाला?

मार्च सरत आला की सांगलीत कृष्णेचं पात्र उघडं पडायला लागतं आणि दर वर्षीचा वाद पुन्हा सुरू होतो. कोयनेचं पाणी विजेसाठी पश्चिमेला कोकणात न वळवता पूर्वेला कृष्णेकडे सोडा, वीज काय कुठूनही आणता येईल, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की कोयनेची वीज राज्यात सर्वांत स्वस्त, ती बंद ठेवून महागडा कोळसा जाळायचा हा कुठला शहाणपणा? २०२३ साली पाऊस ओढ देऊन गेला तेव्हा तर हा वाद सातारा विरुद्ध सांगली असा झाला. धरण आमच्या जिल्ह्यात, तहान तुमच्या जिल्ह्यात, अशा भाषेत लोक बोलू लागले. त्या सगळ्या भाषणांत, निवेदनांत आणि मोर्चांत एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही: ही वीज कोणत्या तासाला तयार होते? माझं म्हणणं असं की या प्रश्नाशिवाय हा वाद सुटणं शक्य नाही. विजेची किंमत तासागणिक बदलते, म्हणून धरणातल्या पाण्याची किंमतही तासागणिक बदलते. कोयनेची यंत्रं सूर्य मावळल्यानंतरच्या मोजक्या तासांसाठी राखून ठेवावीत, आपल्याकडचे पंप दिवसाच्या उन्हावर चालवावेत, आणि या अदलाबदलीत राज्याचे जे पैसे वाचतील त्यांतला हिस्सा ज्यांच्या जमिनी बुडाल्या आणि ज्यांनी रात्री जागून पाणी पाजलं त्यांच्याकडे यावा.

आधी वीज चालवणारे काय करतात ते पाहू. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे ९६ भाग पाडलेले असतात, पंधरा मिनिटांचा एक. प्रत्येक भागात जेवढी मागणी तेवढीच निर्मिती लागते, कमीजास्त झालं की ५० हर्ट्झची वारंवारिता ढळते. मग कोणता संच चालवायचा? ज्याचा इंधनखर्च युनिटमागे सर्वांत कमी तो आधी, त्याहून महाग तो नंतर, अशी रांग लावलेली असते. तिला मेरिट ऑर्डर म्हणतात. बांधकाम, कर्ज, पगार यांचा खर्च या रांगेत धरत नाहीत, कारण संच चालला काय आणि बंद राहिला काय, तो द्यावाच लागतो. मागणी जशी चढते तशी रांग पुढे सरकते, आणि त्या क्षणी रांगेतला जो शेवटचा, म्हणजे सर्वांत महाग, संच चालू असतो तो त्या पंधरा मिनिटांची खरी किंमत ठरवतो. भर दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा ही किंमत तळाला जाते. संध्याकाळी सात वाजता सौर वीज शून्यावर येते, घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात आणि तीच किंमत कित्येक पटींनी चढते.

आता या रांगेत कोयना कुठे उभी करायची? पाण्याला इंधनखर्च नाही, म्हणून सर्वांत पुढे, असं पटकन वाटतं. आपल्या वादातली पहिली चूक इथेच होते. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने तिला पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी मात्र वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात जवळपास अर्धा किलोमीटर खाली पडताना एका टीएमसीतून ढोबळमानाने चार कोटी युनिट वीज मिळते. म्हणजे वर्षभराच्या पाण्यातून २७० कोटी युनिट. सगळे संच पूर्ण ताकदीनं चालवले तर हे पाणी दिवसाला सरासरी चार तासही पुरत नाही. म्हणून कोयना कणगीतल्या धान्यासारखी वापरावी लागते. दुपारी एक वाजता खर्च केलेलं पाणी संध्याकाळी सातला हाताशी नसतं. त्या पाण्याची खरी किंमत कोणती? संध्याकाळी त्याच्या जागी जो महाग संच चालवावा लागेल किंवा बाजारातून जी महाग वीज घ्यावी लागेल, ती. ‘कोयनेची वीज सर्वांत स्वस्त’ हे वाक्य जमाखर्चाच्या वहीत खरं आहे. पण वीज चालवणाऱ्याच्या हिशोबात कोयनेचं पाणी राज्यातल्या सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकी एक आहे, आणि स्वस्त समजून ते कुठल्याही तासाला वापरणं ही उधळपट्टी आहे.

या मोलाचं आणखी एक कारण म्हणजे वेग. थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा पेटवायला कित्येक तास जातात, आणि पेटल्यावरही तो एका मर्यादेखाली उतरवता येत नाही. देशात ही मर्यादा क्षमतेच्या ५५ टक्के धरली आहे. पाण्याची टर्बाइनं मात्र काही मिनिटांत शून्यावरून पूर्ण भारावर जातात आणि तितक्याच लवकर खाली येतात. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर दिवे मालवले गेले. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं कोसळली आणि लगेच वर आली. ग्रीड टिकलं, कारण देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी त्यातला सुमारे १७ हजार मेगावॅटचा उतार स्वतःवर घेतला आणि नऊ मिनिटांनी परत चढही दिला. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राकडून असं काम होणार नाही, ते त्यासाठी बांधलेलंच नाही. आज हीच परीक्षा लहान प्रमाणात रोज संध्याकाळी होते, कारण सौर वीज दररोज मावळते.

पाण्याचं मोल ऋतूनुसारही बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचा जलाशय, शिवसागर, भरत येतो, दरवाजे उघडायची वेळ येते. तेव्हा सांडव्यावरून गेलेल्या पाण्यातून एक युनिटही मिळत नाही. त्या दिवसांत यंत्रं रात्रंदिवस चालवली तरी काही गमावलं जात नाही, आणि पुराच्या छायेत बसलेल्या सांगलीलाही ते हवंच असतं. त्याच महिन्यांत वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या जोरात फिरतात, म्हणजे विजेची चणचण त्याही बाजूने सैल असते. एप्रिलमध्ये चित्र पूर्ण उलटं होतं: वारा पडलेला, धरण उतरलेलं, मागणी शिगेला. १ जून ते ३१ मे या वर्षातल्या सगळ्या थेंबांना एकच भाव लावून कोयनेबद्दल बोलणं म्हणूनच निरर्थक आहे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मी आडपडदा न ठेवता मान्य करतो: विजेला पर्याय आहे, पाण्याला नाही. कोकणातल्या पोफळीच्या वीजगृहात पडलेलं पाणी वाशिष्ठीतून शेवटी अरबी समुद्राला मिळतं. वीज करून उरलेलं हे अवजल काही प्रमाणात कोकणात वापरलं जातं, पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माणसाला ते कायमचं गेलं. पूर्वेला सोडलेलं पाणी पायथ्याच्या वीजगृहातून जातं. तिथे फक्त ४० मेगावॅटची यंत्रं आहेत, पण त्यापुढे तेच पाणी कराडला कृष्णेला मिळून शेतं आणि गावं जगवतं. पिण्याच्या पाण्याचा हक्क सर्वांत आधी, यात वाद असूच शकत नाही. दुष्काळी वर्षात पश्चिमेचा वाटा कमी करावा, असंच माझंही मत आहे. एक टीएमसी वळवलं नाही तर चार कोटी युनिट बुडतात. ती वीज युनिटला पाच रुपयांनी विकत घ्यावी लागली असं धरलं, तर वीस कोटी रुपये लागतात. दुष्काळात एवढी किंमत मोजायला सरकारनं तयार असलं पाहिजे.

पण इथे थांबून चालत नाही. पाणी वाचवायचं ते कोणत्या तासाच्या निर्मितीतून? भर दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान कोयना बंद ठेवली तर तिची जागा सौर वीज घेते आणि राज्याला जवळपास काहीच तोशीस पडत नाही. तेच पाणी संध्याकाळच्या तासांतून कापलं तर सर्वांत महाग वीज घ्यावी लागते, तीही मिळाली तर. पूर्वेला किती टीएमसी सोडायचं यावर आपण गळा काढून भांडतो. ते कुठून काढायचं हे विचारलं असतं तर निम्मा विरोध आपोआप गळून पडला असता. ‘वीज कुठूनही आणता येईल’ हे दुपारपुरतं खरं आहे. संध्याकाळी सात वाजता ‘कुठूनही’ म्हणजे नेमकं कुठून? बॅटऱ्या येत आहेत, पाणी उलटं चढवून साठवणारे प्रकल्पही होत आहेत, पण आजच्या घडीला राज्याचा घाटघरसारखा प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे. महावितरणची कमाल मागणी २५ हजार मेगावॅटच्या पुढे गेली आहे.

आणखी एक गोष्ट सांगलीकरांनी स्वतःशी कबूल केली पाहिजे. आपलं पाणी स्वतःच्या उतारानं जतला पोचत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना ते टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि त्यासाठी प्रचंड मोटारी चालतात. वीजबिल थकलं म्हणून पंप बंद राहिल्याचे उन्हाळे आपण पाहिलेत. बिलाचा ८१ टक्के भार सरकारनं आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, हा तोडगा त्याच अनुभवातून निघाला. म्हणजे पाणी विरुद्ध वीज ही मांडणी आपल्याच मुळावर येते. धरणातून पूर्वेला निघालेल्या प्रत्येक टीएमसीला पुढे वीज लागणार आहे. ती वीज कोणत्या तासाची हे ठरवणं आपल्या हातात आहे. यावर उपसा योजनांचे अभियंते म्हणतील की एवढे मोठे पंप रोज बंद-चालू करता येत नाहीत, आणि कालवा रोज रिकामा झाला तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणीच पोचत नाही. हा आक्षेप खरा आहे. टेलचा माणूस आधीच सर्वांत जास्त सोसतो. म्हणून फक्त दिवसा चालवा असं मी म्हणत नाही. संध्याकाळचे चार तास पंप थांबवावेत आणि त्या वेळेपुरतं पाणी टप्प्यांवरच्या साठवण तलावांतून कालव्यात सुरू राहावं, एवढी सोय करावी. तलाव वाढवायला पैसे लागतील, पण पाणी साठवायला मातीचा बांध पुरतो आणि वीज साठवायला बॅटरी लागते. या दोहोंतलं स्वस्त काय, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं.

शेतीपंपांचा विषय तर मला जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण इथे अन्याय झाला आणि त्याचं कारणही आता उरलेलं नाही. वर्षानुवर्षं कृषी वाहिन्यांवर थ्री फेज वीज आळीपाळीनं मिळत आली: एका फेरीत दिवसा आठ तास, दुसऱ्या फेरीत रात्री दहा तास. शिराळा, कराड, पाटणच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं बॅटरी हातात घेऊन मध्यरात्री दारं धरायला जाणारा माणूस ही काही बातमी राहिलेली नाही. साप चावून, विजेचा धक्का बसून गेलेली माणसं प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. हे का झालं? कुणाच्या दुष्टाव्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. कोळशाचे संच रात्री बंद करता येत नव्हते, रात्री शहर झोपायचं आणि मागणीत खड्डा पडायचा. तो खड्डा भरायला कुणीतरी हवं होतं, आणि ते ओझं शेतकऱ्याच्या पंपावर टाकलं गेलं. ग्रीडचा समतोल राखण्याचं काम शेतकऱ्यानं चाळीस-पन्नास वर्षं झोप मोडून, जिवावर उदार होऊन केलं. त्याबद्दल त्याला एक पैसाही मिळाला नाही. उलट स्वस्त विजेचा लाभार्थी म्हणून त्याचीच हेटाळणी झाली.

आज हे गणित उलटलं आहे. खड्डा आता रात्री राहिला नाही. सौर वीज दुपारी एवढी असते की ती वापरायला गिऱ्हाईक लागतं. दिवसा पंप चालले तर ग्रीडचा फायदा, संध्याकाळी बंद राहिले तर दुप्पट फायदा. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागचा हिशोब हाच आहे. म्हणून दिवसा वीज ही शेतकऱ्यावर केलेली मेहेरबानी आहे, अशा थाटात तिची उद्घाटनं होतात तेव्हा मला राग येतो. दिवसा पंप चालवणारा शेतकरी वीजव्यवस्थेला मदत करतोय आणि त्या मदतीला बाजारात किंमत आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली. सौर तासांत दर किमान २० टक्के कमी असावा, गर्दीच्या तासांत जास्त असावा, असं तत्त्व त्यात आलं: १ एप्रिल २०२४ पासून दहा किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना, आणि १ एप्रिल २०२५ पासून बाकीच्यांना, शेती वगळून. कुपवाडच्या कारखानदारानं पाळी दिवसाकडे सरकवली तर त्याच्या बिलात फरक दिसतो. पलूसच्या द्राक्षबागायतदारानं तेच केलं तर त्याच्या हाती काही पडत नाही. एकाच कामाला दोन मापं का?

यावर उत्तर ठरलेलं आहे: शेतकऱ्याची वीज मोफतच आहे, मग सवलत कशावर? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी वीजबिल माफ आहे, हे खरं. ती योजना बंद करा असं मी म्हणत नाही. कांदा, ऊस, द्राक्ष यांच्या भावाचे निर्णय दुसरीकडे होत असताना शेतकऱ्याचा एकुलता आधार काढून घेण्याची भाषा माझ्या तोंडून येणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. सगळे तास मोफत केले की सगळे तास सारखे होतात. पंपाला ऑटो स्टार्टर लावलेला असतो, थ्री फेज आली की गावातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळते आणि आठवडाभर सगळ्यांचं पाणी बंद होतं. कोणत्या वेळी मोटार बंद ठेवली तर कुणाचा किती फायदा होतो, हे कळायचा एकही मार्ग शेतकऱ्याला नाही. म्हणून मोफत वीज राहू द्या, पण जी वाहिनी संध्याकाळच्या चार तासांत शांत राहील तिच्या गावाला त्या मोबदल्यात रोख रक्कम द्या. मोजमाप डीपीवर किंवा वाहिनीवर करा, घरोघर मीटरचा वाद नको. माणूस दंडाला घाबरून जितका बदलतो त्याहून जास्त तो हाती पडणाऱ्या पैशानं बदलतो, आणि इथे तो पैसा खैरातीचा नाही.

तासागणिक दराला शहरांतून विरोध आहे, त्यातही तथ्य आहे. चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी घरी आलेल्या बाईनं स्वयंपाक कोणत्या ‘स्वस्त’ तासाला करायचा? मुलांनी अभ्यास दुपारी करावा का? छोट्या घराची संध्याकाळ हलवता येत नाही. त्यामुळे महिना शंभर युनिटांच्या आतल्या घरांना संध्याकाळचा जादा दर लावूच नये. पण गीझर, वातानुकूलन, गाडीचं चार्जिंग हलवता येतं. थंडगार मॉलची, कारखान्याच्या भट्टीची वेळही बरीचशी हलते. हलवू शकणाऱ्यानं हलवावं, हे मागण्यात अन्याय नाही.

किमती झाकून ठेवल्यावर काय होतं, हे महाराष्ट्रानं एकदा भोगलंय. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाची आठवण आपण भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून सांगतो, तिचा हिशोबी धडा मात्र विसरतो. १९९३च्या करारानं वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायची हमी वीज मंडळानं दिली. १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा त्याची वीज मेरिट ऑर्डरच्या रांगेत इतकी मागे पडू लागली की ती घ्यावी तर महाग, न घ्यावी तर स्थिर आकार चालूच. २००१ साली प्रकल्प बंद पडला. करार करताना कुणी विचारलं होतं का, की ही वीज आपल्याला नेमकी कोणत्या तासांना लागणार आहे? आज सौर विजेचे करार हजारो मेगावॅटांचे होत आहेत. युनिटचा दर स्वस्त आहे म्हणून आपण टाळ्या वाजवतो. त्या प्रत्येक मेगावॅटला संध्याकाळी आधार कोण देणार, याची किंमत वेगळी मांडली नाही, तर तो भार शेवटी कोयनेच्या पाण्यावरच येणार आणि मग एप्रिलमध्ये सांगलीला सांगितलं जाणार की धरणात पाणी नाही.

हिश्श्याचा प्रश्न मी शेवटी घेतोय, पण माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोठा आहे. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या मागे मावळे उभे राहिले, तेव्हाचा सवाल मुंबईच्या गिरण्यांना लागणाऱ्या विजेसाठी आमची जमीन का, हा होता. कोयनेत पाटण-जावळीच्या माणसांनी राज्यासाठी गावं सोडली, १९६७चा भूकंप सोसला, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून पुनर्वसनाच्या कागदांसाठी फेऱ्या मारतायत. केंद्राच्या २००८च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पाच्या परिसरासाठी एक टक्का मोफत विजेचा स्थानिक विकास निधी ठेवायचं तत्त्व आहे. कोयना राज्याची, आणि त्या धोरणाच्या कितीतरी आधीची, म्हणून तिला ते लागू होत नाही असं सांगितलं जाईल. तत्त्व लागू करायला कोण अडवतंय? २७० कोटी युनिटांचा एक टक्का म्हणजे दोन कोटी सत्तर लाख युनिट. पाच रुपयांनी धरले तरी वर्षाला साडेतेरा कोटी रुपये होतात. संध्याकाळच्या खऱ्या किमतीनं मोजले तर आकडा वाढेल. कोयनेच्या विस्थापितांना मिळायला हवा तो हा वाढलेला आकडा, कारण तीच कोयनेच्या पाण्याची खरी कमाई आहे.

पाण्याची आवर्तनं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. तिथे धरणातला साठा, पिकांखालचं क्षेत्र, पिण्याची मागणी यांचे तक्ते मांडले जातात. आणखी एक तक्ता तिथे मांडायला लावा, एवढीच माझी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींकडे मागणी आहे: गेल्या महिन्यात कोयनेचे संच कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला किती चालले, त्या वेळी रांगेतला शेवटचा संच कोणता होता आणि त्याचा दर काय होता. ही माहिती भार प्रेषण केंद्राकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबानं असते. ती मराठीत, एका पानावर, पुढच्या बैठकीच्या आधी आठ दिवस सदस्यांच्या हाती पडली पाहिजे. दुपारच्या तासांत किती टीएमसी गेलं हे त्या पानावर दिसेल, आणि पूर्वेचं आवर्तन वाढवायची मागणी त्या आकड्यापासून सुरू करता येईल.